न वितळणारं पातं

एक कोडं घालतो, बघा सुटतंय का.

एक धातू आहे. साधारण १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळायला लागतो. त्याचं एक पातं केलं, जेमतेम तळहाताएवढं. ते नेऊन ठेवलं १५०० अंशांहून जास्त तापलेल्या वाऱ्यात. ठेवून गप्प बसलो नाही, तर मिनिटाला बारा हजार फेऱ्या अशा वेगाने त्याला गरागरा फिरवलं. थोड्या वेळाने आच जराशी कमी केली, पण विझवली नाही. मुंबईहून लंडन येईपर्यंत नऊ-दहा तास ते तसंच फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. काय होईल त्या पात्याचं?

वितळेल, असंच म्हणणार ना तुम्ही? हिशोब तुमचा बरोबर आहे, पण पातं वितळत नाही. विमानाच्या पंखाखाली जे जाडजूड इंजिन लटकलेलं दिसतं, त्याच्या पोटात अशी पाती ओळीने बसवलेली असतात आणि आपण वर खिडकीशी बसून निवांत सँडविच खात असतो.

असं पातं बनवणं जगात मोजक्याच कंपन्यांना जमतं. त्यातली एक इंग्लंडमधल्या डर्बी गावची. नाव रोल्स-रॉईस.

‘म्हणजे ती महागड्या मोटारीवाली?’ हो, तीच. म्हणजे, पूर्वी तीच होती. आज मोटारी बनवणारी रोल्स-रॉईस वेगळी आहे, तिची मालकी बीएमडब्ल्यूकडे आहे. विमानांची इंजिनं बनवणारी रोल्स-रॉईस वेगळी. नाव एकच, चुली दोन. ही वाटणी कशी झाली ते पुढे सांगतो. त्या गोष्टीत एक मेलेली कोंबडी आहे.

आधी माणसं बघू. हेन्री रॉईसचा जन्म १८६३ सालचा. वडिलांची पिठाची गिरणी होती, ती काही चालेना. सगळं कुटुंब लंडनला आलं आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील गेले. मग या पोराने रस्त्यात उभं राहून वर्तमानपत्रं विकली, घरोघर तारा पोचवल्या. (तार म्हणजे काय, हे आजीला विचारा.) नात्यातल्या एका बाईंनी पैसे भरले म्हणून रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली, पण तीन वर्षांत त्यांचेही पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट राहिलं. तरी १८८४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास, रॉईसने मँचेस्टरमध्ये स्वतःचा छोटा कारखाना काढला. तिथे विजेच्या घंटा बनायच्या, दिव्यांचं सामान बनायचं, पुढे डायनामो आणि क्रेनही बनू लागल्या.

पैसे हातात आल्यावर रॉईस यांनी एक फ्रेंच मोटार घेतली. ती त्यांना पसंत पडेना. दुसरा कुणी असता तर विकून मोकळा झाला असता. यांनी तिच्यातल्या एकेका भागात काय चुकलंय ते शोधलं आणि १९०४ मध्ये स्वतःचीच मोटार बनवली. त्याच वर्षी ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात त्यांची चार्ल्स रोल्स यांच्याशी गाठ पडली. रोल्स म्हणजे श्रीमंत लॉर्डाचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, लंडनमध्ये मोटारी विकणारा आणि वेगाचं वेड असलेला. एक बनवणारा, एक विकणारा. जोडी जमली आणि १९०६ मध्ये कंपनी उभी राहिली.

रोल्स यांचं मन मात्र जमिनीवर रमत नव्हतं. राइट बंधूंच्या बनावटीचं विमान घेऊन जून १९१० मध्ये ते इंग्लिश खाडीवरून फ्रान्सकडे गेले आणि खाली न उतरता तसेच परतही आले. पुढच्याच महिन्यात बोर्नमथला उडताना विमानाची शेपटी मोडली आणि ते कोसळलं. रोल्स ३२ वर्षांचे होते. कंपनीच्या नावात त्यांचं नाव आजही पहिलं आहे, पण कंपनीने बनवलेलं विमानाचं इंजिन त्यांना कधी बघायला मिळालं नाही.

ते इंजिन आलं पहिल्या महायुद्धात. नाव ‘ईगल’, म्हणजे गरुड. १९१९ मध्ये ऑल्कॉक आणि ब्राउन हे दोघे विमानाने कुठेही न थांबता अटलांटिक महासागर ओलांडणारे पहिले ठरले, तेव्हा त्यांच्या विमानाला हीच दोन गरुड-इंजिनं होती. (ओलांडला खरा, पण आयर्लंडला उतरताना हिरवंगार मैदान समजून ते दलदलीत उतरले आणि विमानाचं नाक चिखलात रुतलं. दोघेही सुखरूप!) त्यानंतर कंपनीने इंजिनांना शिकारी पक्ष्यांची नावं देण्याचा रिवाजच पाडला. दुसऱ्या महायुद्धात गाजलेल्या स्पिटफायर विमानाचं इंजिन होतं ‘मर्लिन’. तो जादूगार मर्लिन नाही बरं का. हा मर्लिन म्हणजे ससाण्याच्या जातीचा एक छोटा पक्षी.

ही सगळी इंजिनं मोटारीच्या इंजिनासारखीच चालायची. सिलिंडरात दट्ट्या वरखाली होणार, त्यावर दांडा फिरणार, दांड्यावर पुढचा पंखा फिरणार. पण खूप उंचावर हवा विरळ होते. पंख्याला ढकलायला हवाच पुरेशी मिळेना आणि इंजिन धापा टाकायला लागे. आणखी वर कसं जायचं, आणखी वेगाने कसं जायचं? इथे गोष्टीत येतो एक बुटका मुलगा.

फ्रँक व्हिटल. जन्म १९०७, गाव कॉव्हेंट्री. हवाई दलात शिकाऊ म्हणून भरती व्हायला गेला तर शरीराच्या मापांत नापास. उंची जेमतेम पाच फूट! तो घरी आला, व्यायाम केला, खाल्लं-प्यायलं, उंची वाढवली आणि परत गेला. परत नकार. त्याने पुन्हा अर्ज केला आणि १९२३ मध्ये घुसला एकदाचा आत. पाच वर्षांनी, एकविसाव्या वर्षी, तिथल्या अभ्यासासाठी त्याने एक निबंध लिहिला, विषय विमानांचं भविष्य. पुढच्या वर्षभरात त्याला कल्पना सुचली, की पुढचा पंखाही नको आणि दट्ट्याही नको. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि तापलेला झोत मागे सोडायचा. बस्स.

जानेवारी १९३० मध्ये त्याने या कल्पनेचं पेटंट मागितलं. सरकारी विमान खात्याने कागद बघितले आणि कळवलं, आम्हाला यात रस नाही. पाच वर्षांनी पेटंट चालू ठेवायला पाच पौंड भरायचे होते. व्हिटलकडे तेवढे नव्हते, खात्याने द्यायला नकार दिला. पेटंट गेलं! पाच पौंड वाचवून एखाद्या सरकारने इतकं मोठं नुकसान क्वचितच करून घेतलं असेल.

पण दोन मित्रांनी खटपट करून पैसे उभे केले, १९३६ मध्ये ‘पॉवर जेट्स’ नावाची छोटी कंपनी निघाली आणि १२ एप्रिल १९३७ रोजी रग्बी या गावच्या एका कारखान्यात पहिलं इंजिन चालू केलं. चालू झालं ते थांबेचना! इंधनाची झडप बंद केली तरी वेग वाढतोय, आवाज वाढतोय, किंचाळी चढतेय. आजूबाजूची माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. आधी गळून साचलेलं इंधन आत जळत होतं, हे नंतर कळलं. व्हिटल मात्र जागचा हलला नाही. धैर्यामुळे नाही, तर भीतीने पाय खिळून गेले होते म्हणून.

तिकडे जर्मनीत हान्स फॉन ओहाइन नावाचा तरुण शास्त्रज्ञ अगदी स्वतंत्रपणे याच वाटेवर होता आणि त्याच्या पाठीशी हाइंकेल नावाचा विमान-कारखानदार उभा होता. म्हणून जगातलं पहिलं जेट विमान जर्मनीत उडालं, २७ ऑगस्ट १९३९ रोजी. पाचच दिवसांनी युद्ध पेटलं. व्हिटलचं इंजिन लावलेलं विमान क्रॅनवेलहून उडायला १५ मे १९४१ उजाडला. पहिलं उड्डाण १७ मिनिटांचं. पुढे म्हातारपणी हे दोघे एकमेकांना भेटले आणि त्यांची छान मैत्री झाली.

आता जरा थांबू आणि इंजिनाच्या आत डोकावू. ओढा, दाबा, पेटवा, सोडा, एवढंच त्याचं काम. आजच्या इंजिनांत पुढे पुन्हा एक पंखा असतो, तो हवा ओढतो. मग एकामागे एक बसवलेली फिरती पाती तिला दाबत नेतात. नव्या इंजिनांत ती पन्नास पट दाबाला पोचते. दाबली की हवा तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावून तुम्ही बघितलंच असेल. या दाबलेल्या हवेत इंधनाचा फवारा मारून पेटवायचं. पेटलेला वायू फुगतो आणि मागे धावत सुटतो. जाता जाता तो टर्बाइनची पाती फिरवतो. आपलं कोड्यातलं पातं ते हेच. टर्बाइन आणि पुढची हवा दाबणारी पाती एकाच दांड्यावर, त्यामुळे मागचं फिरलं की पुढचं फिरतं, पुढचं फिरलं की हवा आत येते, आणि चक्र चालू राहतं.

पण झोत मागे गेल्यावर विमान पुढे का जातं? ‘मागच्या हवेला ढकलतो म्हणून,’ असं मोठी माणसंही सांगतात. ते बरोबर नाही. उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तेव्हा बघा. तोटी सोडली की जाड पाईप धरणाऱ्याच्या हातातून मागे उसळी मारतो. पाणी अजून भिंतीला लागलेलंही नसतं, तरी. पाणी पुढे फेकलं, म्हणून पाईप मागे रेटला गेला. इंजिन वायूला मागे फेकतं, म्हणून वायू इंजिनाला पुढे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम म्हणतात तो हाच.

तर, व्हिटलचं इंजिन उडालं, पण हवी होती शेकडो इंजिनं. ते काम सरकारने रोव्हर या मोटार कंपनीला दिलं, आज लँकशायरमध्ये असलेल्या बार्नॉल्ड्सविक गावी. रोव्हर आणि व्हिटल यांचं पटेना. इकडे रोल्स-रॉईसमध्ये स्टॅन्ली हूकर नावाचे गणिती होते. इंजिनात हवा दाबून कशी भरावी याचं गणित मांडून त्यांनी मर्लिनची ताकद वाढवली होती. हूकर व्हिटलचं इंजिन बघून आले आणि आपले साहेब अर्नेस्ट हाइव्ह्ज यांना म्हणाले, हे ४५० किलोचा जोर लावतं. साहेबांनी थट्टा केली, एवढ्या जोराने खिरीवरची साय तरी निघेल का? हूकर गणिती होते, गप्प कसे बसतील? त्यांनी हिशोब मांडून दाखवला, की स्पिटफायर ताशी ३०० मैलांनी उडत असतं तेव्हा त्याचा पंखा किती जोर लावतो. आकडा आला ३८० किलो! साहेब तडक व्हिटलला भेटायला निघाले.

१९४२ च्या अखेरीस क्लिथरो गावच्या एका खाणावळीत हाइव्ह्ज आणि रोव्हरचे प्रमुख जेवायला बसले आणि जेवता जेवता अदलाबदल ठरली. आमचा नॉटिंगहॅमचा रणगाड्याच्या इंजिनांचा कारखाना तुम्ही घ्या, तुमचं जेटचं काम आम्हाला द्या. मला तर वाटतं, इतिहासात इतका महत्त्वाचा सौदा इतक्या कमी वेळात फारच थोड्यांनी केला असेल. आपलं इंजिन किती साधं आहे हे व्हिटल कौतुकाने सांगायचा, तेव्हा हाइव्ह्ज त्याला म्हणाले होते, काळजी करू नका, आम्ही त्यातला साधेपणा लवकरच काढून टाकू. शब्द खरा केला त्यांनी. आजच्या त्यांच्या एका मोठ्या इंजिनात २० हजारांच्या आसपास भाग असतात.

जेटमधून हवा अखंड वाहते, म्हणून या इंजिनांना पक्ष्यांऐवजी नद्यांची नावं द्यायचं ठरलं. वेलंड, डरवेंट, नीन, एव्हन, कॉनवे, ट्रेंट, सगळ्या ब्रिटनमधल्या नद्या. वेलंड इंजिनं लावलेली मीटियर विमानं जुलै १९४४ मध्ये हवाई दलात आली. नीनची गंमत वेगळीच. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने ही इंजिनं सोव्हिएत रशियाला विकली. रशियनांनी त्यांची नक्कल केली, ती मिग-१५ या लढाऊ विमानात बसवली, आणि कोरियाच्या युद्धात ब्रिटनच्याच मित्रांपुढे ती विमानं उभी ठाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

कॉनवे इंजिन मुंबईच्या ओळखीचं आहे. १९६० मध्ये एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७०७ आलं, त्याला कॉनवे होती. या इंजिनात एक नवी युक्ती होती. आत ओढलेली सगळी हवा आगीतून न्यायची नाही, थोडी आगीला वळसा घालून बाहेरूनच मागे सोडायची. वेड्यासारखं वाटतं ना? आग तर जोर देते, मग हवा बाहेरून कशाला? कारण थोडी हवा खूप जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा बेताने फेकली तर तेवढाच जोर कमी इंधनात मिळतो, आणि आवाजही कमी होतो. कॉनवेत बाहेरून जाणारी हवा थोडीच होती. आजच्या ‘ट्रेंट एक्सडब्ल्यूबी’ इंजिनात दहा भाग हवेतले नऊहून जास्त भाग आगीकडे फिरकतच नाहीत! म्हणून तर नव्या विमानांच्या इंजिनांचं तोंड इतकं मोठं असतं. या ट्रेंटचा पंखा तीन मीटर रुंद आहे आणि उड्डाण घेताना तो दर सेकंदाला टनाहून जास्त हवा ओढतो.

आता कोंबडी.

१९६८ मध्ये कंपनीने अमेरिकेच्या लॉकहीडला शब्द दिला, तुमच्या नव्या ट्रायस्टार विमानासाठी आम्ही असं इंजिन देऊ, की यंव. नाव आरबी-२११. (यातला ‘बी’ त्या बार्नॉल्ड्सविकचा!) किंमत आधीच ठरवून टाकली. पंख्याची पाती कार्बनच्या धाग्यांची करायचं ठरलं, म्हणजे वजन अगदी कमी. आता विमानाच्या इंजिनात कधीकधी पक्षी घुसतो. तो घुसला तरी इंजिन टिकतं का, हे बघायला कारखान्यात एक तोफ असते. तिच्यातून मेलेली कोंबडी फिरत्या पंख्यावर मारतात. १९७० मध्ये ही परीक्षा झाली आणि ती सुंदर पाती चक्काचूर झाली.

पुन्हा टायटॅनियमची पाती बनवायची, म्हणजे पुन्हा वेळ, पुन्हा पैसा. खर्च आधीच हाताबाहेर गेला होता. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉईसचं दिवाळं निघालं. साऱ्या ब्रिटनला धक्का बसला. लष्कराची विमानं याच कंपनीवर अवलंबून, त्यामुळे सरकारने इंजिनांचा धंदा स्वतःकडे घेतला आणि मोटारींचा वेगळा काढला. चुली वेगळ्या झाल्या त्या अशा. नुसत्या कोंबडीवर दोष टाकणं मात्र अन्यायाचं होईल. कागदावरच्या इंजिनाची किंमत आधी ठरवली, खरी चूक ती.

इंजिन दुरुस्त करायला कुणाला बोलावलं असेल? निवृत्त झालेल्या हूकरना! ते ६३ वर्षांचे होते. त्यांनी आपल्या जुन्या, त्यांच्याहूनही म्हाताऱ्या सहकाऱ्यांना गोळा केलं आणि वर्षभरात आरबी-२११ ठाकठीक करून दाखवलं. एप्रिल १९७२ मध्ये ते प्रवासी घेऊन उडालं. या इंजिनात एकात एक बसवलेले तीन पोकळ दांडे आहेत, तिन्ही आपापल्या वेगाने फिरतात. इतर मोठ्या कंपन्या दोनच दांडे वापरतात. आजची सगळी ट्रेंट इंजिनं ही त्या आरबी-२११ ची नातवंडं.

तुम्ही मनात म्हणत असाल, पात्याचं काय झालं? बरं, आता तेच.

पहिली युक्ती अशी, की पातं भरीव नसतं. त्याच्या आत नागमोडी बोळ असतात आणि अंगावर सुईच्या अग्राएवढी बारीक भोकं. मघाची दाबलेली हवा आठवते ना? त्यातली थोडी चोरून या बोळांतून सोडतात. ती भोकांतून बाहेर येते आणि पात्याच्या अंगावर हवेचा पातळ थर पसरतो. जाळ थेट पात्याला भिडतच नाही. आणि ही ‘गार’ हवा किती गार? सहाशे अंशांच्याही वर! पंधराशेच्या शेजारी सहाशे म्हणजे थंडावाच. पात्यावर चिनीमातीच्या जातीचा एक लेपही दिलेला असतो, तोही आच अडवतो.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. साधा धातू भिंगाखाली बघितला तर तो असंख्य बारीक स्फटिकांचा बनलेला दिसतो. दोन स्फटिकांमधली जी शीव असते तिथे धातू कच्चा असतो. प्रचंड वेगाने फिरताना पातं बाहेर ओढलं जातं. ट्रेंटच्या एका पात्यावरची ही ओढ काही टनांची असते. तापलेला धातू अशा ओढीने हळूहळू लांबत जातो आणि या शिवांपाशी तुटतो. उपाय काय? शिवाच ठेवायच्या नाहीत! अख्खं पातं एकाच स्फटिकाचं करायचं.

ते कसं? आधी पात्याचं मेणाचं रूप घडवायचं, त्यावर चिनीमातीसारखं कवच चढवायचं, मेण वितळवून काढून टाकायचं. (मेणाची ही रीत जुनी आहे. मोहेंजोदडोची नर्तिका अशाच रीतीने ओतली, असं जाणकार मानतात.) मग हवा काढून घेतलेल्या भट्टीत निकेलचा वितळलेला मिश्रधातू आत ओतायचा आणि साचा अगदी सावकाश भट्टीतून खाली उतरवायचा. तळाकडून धातू गोठायला लागतो आणि अनेक स्फटिक वर चढू लागतात. पण वाटेत एक पिळाची अरुंद नळी ठेवलेली असते. वळणं घेत त्या नळीतून एकच स्फटिक पलीकडे निघतो, बाकीचे भिंतींना धडकून तिथेच संपतात. पलीकडे पोचलेला तो एकटा अख्ख्या पात्यात वाढतो. इंग्लंडमध्ये रॉदरहॅमला फक्त याच कामाचा मोठा कारखाना आहे. असं एक पातं जेवढी ताकद निर्माण करतं तेवढी एका फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीला पुरते, आणि ट्रेंट एक्सडब्ल्यूबीत अशी ६८ पाती एका चक्रावर बसलेली असतात.

एवढ्या मेहनतीने बनवलेलं इंजिन मग कंपनी काय करते माहिती आहे? मोडते. नवं इंजिन मंजूर व्हायचं तर त्याच्यावर पाण्याचा मारा करतात, गारा फेकतात, पक्षी फेकतात. सगळ्यात भयंकर परीक्षा म्हणजे इंजिन पूर्ण वेगात असताना पंख्याच्या एका पात्याच्या मुळाशी स्फोट घडवून ते मुद्दाम तोडतात. तुटलेला तुकडा इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला तर इंजिन नापास, कारण विमानात बाहेर म्हणजे प्रवासी बसलेले असतात.

तरीही कधी काही निसटतंच. ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासचं दुमजली एअरबस ए-३८० सिंगापूरहून सिडनीला निघालं आणि काही मिनिटांतच त्याचं एक ट्रेंट इंजिन फुटलं. टर्बाइनच्या जड चकतीचे तुकडे पंख फाडून गेले. कवच पंख्याचं पातं अडवू शकतं, अशी चकती अडवू शकत नाही. चौकशीत सापडलं काय? तेलाची एक छोटी नळी. तिचं भोक जरासं बाजूला पडलं होतं, त्यामुळे नळीची भिंत एका अंगाला पातळ राहिली, तिला तडा गेला, तेल गळून आत पेटलं. वैमानिकांनी सुमारे पन्नास मिनिटं शांतपणे एकेक बिघाड तपासला आणि विमान सिंगापूरला उतरवलं. आतले सगळे ४६९ जण सुखरूप. कंपनीला मात्र तशी बाकीची इंजिनं शोधत फिरावं लागलं.

शाळेत गणिताच्या बाई पाव गुण कापतात तेव्हा ही नळी आठवा, आणि बाईंना माफ करा.

एक व्यवहाराची गोष्ट सांगायची राहिली. विमान कंपन्या आता बऱ्याचदा इंजिनाचे पैसे तासावर देतात. इंजिन जितके तास उडेल तितके पैसे, देखभाल बनवणाऱ्याची. ही पद्धत १९६२ मध्ये ब्रिस्टल सिडली या कंपनीने सुरू केली, आणि चार वर्षांनी ती कंपनीच रोल्स-रॉईसने विकत घेतली. मला हा सौदा फार पटतो. इंजिन बंद पडलं तर नुकसान बनवणाऱ्याचंही, म्हणून ते बंद पडू नये याची काळजी त्यालाच जास्त. उडत्या इंजिनातली तापमानं, दाब, थरथर यांचे आकडे जमिनीवर येत असतात आणि काही बिघडायच्या आधीच इंजिनिअर सावध होतात.

याच ब्रिस्टलवाल्यांकडून ‘पेगॅसस’ नावाचं इंजिन रोल्स-रॉईसकडे आलं. त्याच्या झोताची तोंडं फिरवता येतात. तोंडं मागे केली की विमान पुढे जातं, खाली केली की सरळ वर उचललं जातं. आपल्या नौदलाची सी हॅरियर विमानं या इंजिनावर उडायची. त्यांचा तळ होता गोव्यात, दाबोळीला, आणि २०१६ मध्ये तिथेच त्यांना निरोप दिला गेला.

तेव्हा सुट्टीत गोव्याला गेलात तर समुद्रावर न जाता एक सकाळ काढा आणि बोगमाळोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जा. तिथे सी हॉक हे जुनं विमान आहे. त्याचं इंजिन नीन, म्हणजे रशियनांनी नक्कल केली तेच. १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून ही विमानं उडाली होती. इंजिन एकच असलं तरी त्याचा झोत दोन्ही पंखांच्या मुळाशी दोन तोंडांतून बाहेर पडतो, ती तोंडं शोधून काढा. मग सी हॅरियरकडे जा आणि त्याच्या कुशीतली चार तोंडं मोजा. पुढच्या दोन तोंडांतून पंख्याने दाबलेली हवा यायची, मागच्या दोहोंतून आगीतून आलेला वायू.